गाठोड्यावरची चिठ्ठी

चौतीस वर्षांत ड्राफ्टसाहेबांच्या टेबलावरून चुकीच्या इंग्रजीतला एकही कागद बाहेर पडला नाही, हे त्यांचे मित्र मान्य करत आणि शत्रूही. शत्रू फक्त पुढे एवढंच जोडत, की बरोबर इंग्रजीतलेही फारसे पडले नाहीत. आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीत मसुदा शाखेचे ते हेडक्लार्क. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खुर्ची सोडली, किल्ल्या दिल्या, लाल पेन्सिल मात्र खिशात घालून घरी आणली. तेव्हापासून घरात येणारा इंग्रजीतला कुठलाही कागद तपासल्याशिवाय पुढे सरकत नसे. खोकल्याच्या औषधाबरोबरचं माहितीपत्रक, पंख्याचं हमीपत्र, लिफ्टमधली सूचना, सगळं. तपासून झालं की उजव्या कोपऱ्यात खाली सही. ही सही ते करत नसत, ती होत असे. पापणी लवावी तशी. पुतण्याच्या लग्नपत्रिकेतली दोन क्रियापदं दुरुस्त करून त्यांनी खाली सही ठोकली होती आणि पत्रिका पोस्टाने परत पाठवली होती. पुतण्या त्यानंतर आलेला नाही.

अशा माणसाच्या बायकोला इंग्रजीच्या परीक्षेला बसावं लागणं हा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. ड्राफ्टसाहेबांना तर पंक्तीचं आमंत्रण आल्यासारखं झालं.

त्यांची बायको, म्हणजे बिल्डिंगच्या काकू, मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात चोवीस वर्षं होत्या. सहा वर्षांपूर्वी तिथले सुपरवायझर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि त्यांचं काम काकूंकडे आलं. कुठल्या वॉर्डाची गाठोडी कधी येतात, रक्ताचा डाग गार पाण्यात का काढायचा, ऑपरेशनचे हिरवे झगे कुठल्या यंत्रात घालायचे, हे सगळं काकूंना विचारून चालायचं. फक्त हजेरीपटावर त्या अजून 'धुलाई मदतनीस' होत्या.

आता एकदाची ती जागा भरायची ठरली. पण विभागीय परीक्षेतून. कारण असं, की धुलाई विभागाने मागे वर पाठवलेल्या एका इंग्रजी पत्रात कर्ता आणि क्रियापद यांची अशी काही फारकत झाली होती, की यंत्र बिघडलंय की माणसं, हे वरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्यांनी यावर विचार केला आणि यंत्र दुरुस्त करण्याऐवजी परीक्षा ठेवली. पन्नास प्रश्न, त्यातले तीस कर्त्याला साजेसं क्रियापद निवडण्याचे. वयाची अट पंचावन्न. काकूंना पंचावन्न पूर्ण व्हायला तीन महिने होते. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. काकू नापास झाल्या तर खुर्ची भांडारपालाला मिळणार होती. भांडारपालाचं इंग्रजी चांगलं होतं. त्याने एकदा चाळीस लोकरी घोंगड्या उकळत्या पाण्यात घालायला लावल्या होत्या, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा फक्त बाळंतिणींच्या वॉर्डातल्या पाळण्यांत बसत होत्या.

"तो आला तर पोरींचं काही खरं नाही," काकू म्हणाल्या. पोरी म्हणजे इस्त्रीवर काम करणाऱ्या बायका. त्यातली सगळ्यात धाकटी चाळीसची होती.

"तू काळजी करू नकोस," ड्राफ्टसाहेब म्हणाले. "हे माझ्यावर सोड."

काळजी करायची वेळ खरं तर तिथूनच सुरू झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी परीक्षेचा अर्ज आपल्या हाताने भरला. तो अर्ज पाहण्यासारखा होता. अक्षर छापल्यासारखं, एका ठिकाणी खाडाखोड नाही. छापील अर्जात त्यांना तीन चुका सापडल्या, त्या त्यांनी समासात दाखवून दिल्या. मग टपालपेटीपर्यंत स्वतः चालत जाऊन तो टाकला आणि पेटीवर दोनदा थोपटलं.

दुसऱ्या दिवशी शिकवणी. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता लागला. मुख्य नियम काळ्या शाईत, पोटनियम निळ्या, अपवाद लाल. मुख्य नियम एक होता: कर्ता एकटा असेल तर क्रियापद एकट्याचं, कर्ते अनेक असतील तर अनेकांचं. हे काकूंना लगेच पटलं, कारण मराठीत आपण तेच करतो, वर स्त्री-पुरुषही बघतो. पण ड्राफ्टसाहेबांच्या मते लगेच पटलेला नियम म्हणजे नीट न शिकवलेला नियम. त्यांनी पोटनियम काढले. पोटनियम सत्तावीस झाले. आठव्या दिवशी तक्ता इतका लाल झाला, की शेजारीण कपाटातली साडी बघायला आली आणि घरात कोणी आजारी आहे का असं विचारून गेली.

सराव परीक्षा झाली. तीसपैकी नऊ. ड्राफ्टसाहेबांनी चष्मा पुसला आणि आणखी चार पोटनियम लिहिले. पुढच्या परीक्षेत सात आले.

बातमी बिल्डिंगभर झाली, आणि बिल्डिंगमध्ये एखाद्या घरात अडचण आहे म्हटल्यावर लोक मदतीला धावतात; त्यांना अडवणं कठीण असतं. वरच्या मजल्यावरचे भूगोलमास्तर खाली आले. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि एकदाही कुठे गेले नव्हते. त्यांचं म्हणणं, समजून घेण्याच्या भानगडीत पडूच नये, पाठ करावं. काय पाठ करावं असं काकूंनी विचारल्यावर ते म्हणाले, सगळं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने जास्त व्यवहारी सल्ला दिला. शंका आली की 'इज' लिहायचं. का, तर 'इज' कुणालाही बाधत नाही. त्याच्या औषधांबद्दलही तो हेच सांगत असे.

ड्राफ्टसाहेबांना या सल्ल्यांनी वेदना झाल्या. चौतीस वर्षं ज्या भाषेला जपलं तिच्यावर एका गोळ्या विकणाऱ्याने बोलावं. त्यांनी दोन दिवस त्याच्याकडची सर्दीची गोळी घेतली नाही, आणि शिंकत शिंकत शिकवलं.

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी काकू कामावरून येऊन घरच्या चादरींच्या घड्या घालत होत्या. ड्राफ्टसाहेब समोर बसून वाक्यं वाचत होते. त्यांनी मुद्दाम एक वाईट वाक्य काढलं होतं, पोटनियम चौदाचं. द बंडल ऑफ शीट्स, आणि पुढे इज की आर.

"इज," काकू घडीवरून हात फिरवत म्हणाल्या.

ड्राफ्टसाहेबांनी चूक सांगण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. उत्तर बरोबर होतं. त्यांना वाटलं, औषधवाला बोलतोय.

"का इज?"

"का म्हणजे? गाठोडं आलं ना." काकूंनी चादर बाजूला ठेवली. "अहो, वॉर्डातून आमच्याकडे गाठोडं येतं. आत बत्तीस चादरी असोत नाहीतर दोन उशा. आम्ही काय लिहितो? पाच नंबरचं गाठोडं आलं. चादरी आल्या असं कोणी लिहीत नाही. चिठ्ठी गाठोड्याला बांधलेली असते, चादरींना नाही."

"हं. म्हणजे त्याला असं म्हणतात की मधला शब्दसमूह हा—"

"थांबा. मग हे सगळं असंच आहे का? ही एवढी लांबलचक वाक्यं? चिठ्ठी कुणाला बांधलीय ते बघायचं, आत काय कोंबलंय ते सोडून द्यायचं?"

ड्राफ्टसाहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. पोटनियम आठ ते एकोणीस तिथे लाल-निळे होऊन उभे होते. एक एक करून ते गाठोड्यात जात असल्याचं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"स्थूलमानाने," ते म्हणाले.

"मग आधीच सांगायचं ना. मी दहा दिवस आतले कपडे मोजत बसलेय."

त्या संध्याकाळी काकूंनी स्वतःच वही ओढून घेतली. प्रत्येक वाक्यात पेन्सिलीने एक छोटं गाठोडं काढायचं, त्याच्या गाठीवर बोट ठेवायचं, मग पुढचं क्रियापद. दोन गाठोडी 'अँड'ने एकत्र बांधून आली तर चिठ्ठ्या दोन, म्हणून क्रियापद अनेकांचं. 'ईच' आलं की गाठोडं सोडून एकेक नग मोजायला घेतलाय, म्हणजे हातात एका वेळी एकच. तीसपैकी सव्वीस. ड्राफ्टसाहेबांनी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना त्यांच्या लक्षात आलं की आपण चूक सापडावी म्हणून तपासतोय, आणि त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. थोडीच. त्यांनी सव्वीसखाली सही केली.

आणि इतकं सगळं जमून आलेलं असताना प्रवेशपत्र आलं.

पाकीट काकूंनी उघडलं. आतलं कार्ड दोनदा वाचलं. मग त्यांनी शांतपणे ते कार्ड नवऱ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "अभ्यास झालाय का तुमचा?"

प्रवेशपत्रावर कर्मचारी क्रमांक काकूंचा होता, विभाग काकूंचा होता. नाव ड्राफ्टसाहेबांचं होतं. अर्जाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात 'उमेदवाराचं नाव व सही' अशी जागा होती. तिथे त्यांचा हात गेला होता. पापणी लवावी तसा.

परीक्षेला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परीक्षा शाखेच्या खिडकीपुढे उभे राहिले. खिडकीतला कारकून तरुण, चुणचुणीत आणि नियमाला पक्का, म्हणजे ड्राफ्टसाहेबांना एरवी आवडावा असा होता. त्याने कार्ड पाहिलं, अर्ज काढला आणि आधी समासातल्या तीन दुरुस्त्यांबद्दल आभार मानले. मग त्याने अडचण सांगितली. नावात बदल करायचा तर उमेदवाराचा लेखी अर्ज हवा. उमेदवार म्हणजे कोण, तर ज्याचं नाव कार्डावर आहे तो. म्हणजे ड्राफ्टसाहेबांनी असं लिहून द्यायचं, की ड्राफ्टसाहेब हे आपण नाही. ते त्यांनी लिहून दिलं. फार सुंदर लिहिलं. कारकुनाने वाचून मान डोलावली आणि विचारलं, आता याच्याखाली ही सही कुणाची?

एव्हाना मागे रांग लागली होती आणि रांगेला रस वाटू लागला होता. ड्राफ्टसाहेबांनी आवाज चढवला, मग हे कार्डच रद्द करा म्हणाले, आणि तेही होत नाही म्हटल्यावर असा मूर्ख नियम कुणी केला ते दाखवा म्हणून सांगितलं. कारकुनाने अदबीने फाइल काढली. नियम एका वाक्याचा होता. पहिल्या ओळीत कर्ता, पाचव्या ओळीत क्रियापद, मध्ये चोपन्न शब्द, आणि तरीही मेळ असा की केसाइतकी फट नाही. परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत दिलेलं प्रवेशपत्र कोणत्याही कारणाने रद्द होणार नाही आणि दिलेल्या प्रत्येक प्रवेशपत्रामागे एक उत्तरपत्रिका, लिहिलेली वा कोरी, उमेदवाराच्या सहीनिशी जमा होईल.

"आमच्याकडे नवीन माणसाला हे वाक्य वाचायला देतात," कारकून आदराने म्हणाला. "यातून वाट काढून दाखव म्हणतात. अजून कुणाला सापडलेली नाही. मुख्य कचेरीत कोणी एक हेडक्लार्क होते म्हणे."

ड्राफ्टसाहेबांनी फाइल हळूच कारकुनाकडे परत सरकवली. बारा वर्षांपूर्वी या वाक्यासाठी त्यांनी तीन दिवस घालवले होते. चौथ्या दिवशी एक फट दिसली होती, तीही त्यांनी बुजवली होती. आज ते त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते, आणि खरं सांगायचं तर, काम पक्कं होतं.

काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. त्या खिडकीपाशी सरकल्या.

"दादा, एक सांगा. आमच्याकडे चुकीची चिठ्ठी लागून गाठोडं आलं, तर आम्ही ते परत पाठवत नाही. खऱ्या वॉर्डाच्या नावाची दुसरी चिठ्ठी करतो. जुनी फाडत नाही, नाहीतर हिशेबात गाठोडं कमी पडतं. दोन्ही नोंदवतो. तुम्हाला दुसरं कार्ड करायला बंदी आहे का?"

कारकुनाने नियम वाचला. मागे-पुढे फाइल चाळली. ड्राफ्टसाहेबांनी डोळे मिटून तो पाठच म्हणून पाहिला. कार्ड रद्द करायला बंदी होती. दुसरं करायला नव्हती. असं कोणी मागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही," कारकून म्हणाला. "विभागप्रमुखांचं पत्र आणा, दुसरं देतो. पण मग हे पहिलंही चालूच राहणार, काकू. याची उत्तरपत्रिका जमा व्हायला हवी. एक जरी कमी पडली तर सगळ्यांचा निकाल अडकतो."

दोघांनी मिळून ड्राफ्टसाहेबांकडे पाहिलं. रांगेनेही पाहिलं.

अशा रीतीने आरोग्य खात्याचे निवृत्त हेडक्लार्क वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी धुलाई विभागाच्या सुपरवायझरपदाच्या परीक्षेला बसले. भूगोलमास्तरांनी खाली येऊन शुभेच्छा दिल्या. औषधवाल्याने 'इज'ची आठवण करून दिली. काकूंनी त्यांच्या खिशात पेन, पट्टी आणि हातरुमाल घातला आणि बजावलं, की कोरी पत्रिका देऊन सही करून बाहेर या. पण इंग्रजीचा पेपर कोरा देणं हे ड्राफ्टसाहेबांच्या रक्तात नव्हतं. शिवाय त्यांना मनातून एक गोष्ट दाखवून द्यायची होती. कुणाला ते विचारू नये.

इस्पितळाच्या जेवणघरात टेबलं लांब लांब ठेवून परीक्षा होती. काकूंच्या मागेच त्यांचा नंबर. सहा प्रश्न त्यांनी सपासप सोडवले. सातवा कमिटीचा होता. द कमिटी, इज की आर. उत्तरासाठी एक रिकामी जागा. ड्राफ्टसाहेब थांबले. कमिटी एकमताने वागत असेल तर एक, सभासद आपापसांत भांडत असतील तर अनेक. प्रश्नात कमिटी भांडते आहे की नाही याची काहीच माहिती दिलेली नव्हती. असा प्रश्न काढणारा माणूस बेजबाबदार होता. त्यांनी तसं लिहिलं. जागा पुरेना म्हणून पुरवणी मागितली. अनुभवाने कमिट्या भांडतातच, याचे दाखले दिले. दुसरी पुरवणी मागितली.

पुरवणीची वाट बघताना त्यांचं लक्ष पुढे गेलं. काकूंची पाठ ताठ होती. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असल्यासारखी. पेन्सिल वाक्यावर टेकायची, एक छोटं गाठोडं उठायचं, डाव्या हाताचं बोट गाठीवर, उजव्या हाताने उत्तर. घाई नाही, थांबणं नाही. बोट, उत्तर. बोट, उत्तर. ड्राफ्टसाहेबांनी आयुष्यात पुष्कळ माणसांना पुष्कळ कागदांवर काम करताना पाहिलं होतं. कुरकुरणारी, घाबरणारी, स्वतःवर खूश असणारी. कागदाशी इतकं साधं वागणारं माणूस त्यांनी पाहिलेलं नव्हतं. चोवीस वर्षं ही बाई रोज असंच काम करत असणार, आणि आपण तिला रोज संध्याकाळी फक्त चहाला उशीर का झाला म्हणून विचारलं. पर्यवेक्षकाने पुरवणी आणून ठेवली तरी ते बराच वेळ तसेच बघत राहिले. घंटा झाली तेव्हा त्यांचे अकरा प्रश्न झाले होते.

निकाल धुलाई विभागाच्या दारावर लागला. सगळ्यात वर काकू, पन्नासपैकी चव्वेचाळीस. दोन नंबरला भांडारपाल, एकेचाळीस. सगळ्यात खाली ड्राफ्टसाहेब, अकरा, अनुत्तीर्ण. सोडवलेले अकराही बरोबर होते, म्हणजे शंभर टक्के, हे त्यांनी ज्याला त्याला सांगितलं. भूगोलमास्तरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि आपल्या सुनेला काकूंकडे शिकवणीला पाठवू का म्हणून विचारलं. काकूंकडे, असं त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं.

इस्त्रीवरच्या पोरींना काकू आता दुपारच्या चहाला अर्धा तास शिकवतात. पुढच्या परीक्षेला त्यातल्या तिघी बसणार आहेत. ड्राफ्टसाहेब एकदा डबा द्यायचं निमित्त काढून बघून आले. फळा नाही, तक्ता नाही. टेबलावर खरी गाठोडी, त्यांना बांधलेल्या इंग्रजी चिठ्ठ्या, आणि चाळीसच्या पुढच्या पोरी एकमेकींच्या चुका काढून हसत होत्या. घरी येऊन त्यांनी कपाटातला तक्ता उतरवला. टाकला नाही, गुंडाळून वर ठेवला. पोटनियम तेवीस अजूनही त्यांना सुंदर वाटत होता.

खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी विभागासाठी इंग्रजीत एक सूचना लिहिली. लोकर, रक्त आणि हिरवे झगे यांच्याबद्दल, आठ वाक्यं. ती त्यांनी टेबलावर आणून ठेवली.

"तपासून देता का?"

ड्राफ्टसाहेबांनी लाल पेन्सिल काढली. टोक केलं. सूचना एकदा वाचली. दुसऱ्यांदा खालून वर वाचली. तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्यातल्या चिठ्ठीवर बोट ठेवत वाचली, आणि आपण बोट ठेवतोय हे लक्षात येऊनही ठेवत राहिले. आठही गाठोडी घट्ट बांधलेली होती. पेन्सिल कागदाला लागलीच नाही.

मग त्यांचा हात खाली गेला. उजव्या कोपऱ्याकडे, आपोआप. टोक कागदावर टेकायला दोऱ्याएवढं अंतर राहिलं आणि हात थांबला. चौतीस वर्षं आणि पुढची पाच, एवढ्या काळात तो तिथे पहिल्यांदाच थांबला होता, त्यामुळे आता पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदासकट काकूंकडे सरकवलं.

काकूंनी सही केली. अक्षर मोठं, गोल, सावकाश. कागद लगेच उचलला नाही. सहीच्या खाली, डाव्या बाजूला, कचेरीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: प्रत माहितीसाठी. आणि पुढे नवऱ्याचं नाव.

ड्राफ्टसाहेबांनी ती ओळही तपासली. बरोबर होती.